जमीन विकून काढलेला सिनेमा : भाऊराव कऱ्हाडे यांची वाटचाल

‘स्वतंत्र’ चित्रपट म्हणजे काय, याची आपल्याकडची व्याख्या बहुधा शैलीवरून ठरते. कमी संवाद, लांब दृश्ये, महोत्सवांचे शिक्के. भाऊराव कऱ्हाडे यांच्या बाबतीत ही व्याख्या सातबाऱ्यापासून सुरू करावी लागते. श्रीगोंदा तालुक्यातल्या या शेतकऱ्याच्या मुलाने ‘ख्वाडा’साठी घरची जमीन विकली. लिहिले आणि दिग्दर्शित केले स्वतःच. आणि विषय काय निवडला? ज्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, अशा मेंढपाळांचा.

हा योगायोग समजून सोडून देऊ नये. रघू कऱ्हे जमिनीसाठी वनखात्याशी वर्षानुवर्षे कोर्टात भांडतो आहे, आणि धाकट्या बाळूला या भटकंतीचा वीट आला आहे. त्याला लग्न हवे, दार असलेले घर हवे. जमिनीचे मोल काय, हे पटकथेत कोणी समजावून सांगत नाही. ती गमावलेल्यांच्या आणि कधीच न मिळालेल्यांच्या वागण्यातून ते कळत राहते.

नगर जिल्ह्याच्या वाचकाला यातली बोच अधिक जाणवेल. प्रवराकाठचा कोल्हार-लोणी पट्टा उसाचा, कारखान्याचा. इथल्या बागाईतदाराला मेंढपाळ भेटतो तो पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आला की. दोन-चार रात्रींचा पाहुणा. पुढे त्याचे काय होते, याची चौकशी आपण करत नाही. (आपण म्हणजे मीही.) ‘ख्वाडा’ कॅमेरा बांधावरून उचलून वाघरीच्या आत नेतो. तिथून गाव पाहिले की गाव म्हणजे परवानगी मागण्याची जागा ठरते आणि सरपंच म्हणजे ती नाकारू शकणारा माणूस.

मला या चित्रपटातली सर्वात मोठी कमाई त्याच्या कथेत दिसत नाही. सरपंचाशी संघर्ष आणि त्याचा उद्रेक हा साचा मराठी ग्रामीण चित्रपटाला नवा नव्हता. नवे होते ते कान. हाकारे, मेंढ्यांचे ओरडणे, अर्धवट तुटणारी वाक्ये, नगरी बोलीतला तुटक तिरकसपणा, हे सारे जागेवर ध्वनिमुद्रित झाले आहे. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना पुरस्कार मिळाला, दिग्दर्शकाचा विशेष उल्लेख झाला. त्याच वर्षी ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट. एवढ्या गर्दीतही हा आवाज ऐकू गेला, ही साधी गोष्ट नाही. २२ ऑक्टोबर २०१५ रोजी, दसऱ्याला, तो चित्रपटगृहांत आला.

‘बबन’ (२०१८) पाहताना मात्र तोच कान मधेच दुसरीकडे वळल्यासारखा वाटतो. दूध घालणारा, स्वतःचा धंदा उभा करू पाहणारा तरुण हा विषय पुन्हा अस्सल जिल्ह्याचा. दुधाच्या राजकारणावर या भागात निवडणुका लढल्या जातात. पूर्वार्धात कऱ्हाडे हे सारे सहज उभे करतात. पुढे मात्र प्रेम, गाणी आणि रक्तपात मिळून माणसापेक्षा नायक मोठा होतो. ‘ख्वाडा’तल्या भाऊसाहेब शिंदेचा बाळू गप्प राहूनही बोलत होता, त्याच अभिनेत्याच्या बबनला सतत काहीतरी सिद्ध करावे लागते. याला दिग्दर्शकाची घसरण म्हणणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. जमीन एकदाच विकता येते; दुसऱ्या चित्रपटाला तिकिटबारी हाच आधार असतो, आणि तिच्या अटी पटकथेत उतरतातच. तरीही उत्तरार्ध फसला आहे हे सांगितलेच पाहिजे, कारण पूर्वार्धानेच अपेक्षा वाढवलेली असते.

‘टीडीएम’च्या वेळी अडचण पटकथेच्या बाहेर होती. २८ एप्रिल २०२३ला तो लागला तेव्हा खेळ मोजके आणि गैरसोयीच्या वेळी मिळाले. प्रेक्षकांपुढे बोलताना दिग्दर्शक आणि कलाकारांना रडू आवरले नाही, ती चित्रफीत सर्वत्र फिरली. पुढे चित्रपट मागे घ्यावा लागला. ‘ख्वाडा’ म्हणजे अडथळा. पहिल्या चित्रपटात तो मेंढरांच्या वाटेवर होता, इथे तो निर्मितीच्या आणि पडद्याच्या मधोमध होता. चित्रपट काढायला पैसा उभा करणारी माणसे ग्रामीण भागात निघतात. संध्याकाळचा खेळ मिळवून देणारी व्यवस्था अजून त्यांच्या हातात नाही.

‘टीडीएम’ ९ जूनला पुन्हा प्रदर्शित केला गेला. तोवर शाळा सुरू व्हायच्या बेतात होत्या, आणि ज्यांच्यासाठी तो काढला होता ती माणसे बी-बियाण्याच्या दुकानांपुढे उभी होती.