सल्ला फुकट, झेरॉक्स दोन रुपये

'इंटर्नशिप' हा शब्द आला आणि आपली जुनी 'उमेदवारी' एकदम प्रतिष्ठित झाली. पूर्वी उमेदवार म्हणजे वकिलाची बॅग उचलणारा नाहीतर शिंप्याकडे काजं करणारा बिनपगारी प्राणी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने त्याला श्रेयांक देऊ केले. पगाराचं मात्र तेवढं विचारू नका.

असे श्रेयांक गोळा करण्यासाठी मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्षा'त बसत असे. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक माहितीपुस्तिका. तिची मी इतकी पारायणं केली, की आता तिच्यावर चार टीकात्मक शब्द लिहिणं माझं कर्तव्यच ठरतं.

या ग्रंथाचा नायक विद्यार्थी. पण तो अथपासून इतीपर्यंत एकदाही तोंड उघडत नाही. 'सादर करावा', 'जोडावी', 'दखल घेतली जाणार नाही' अशी क्रियापदं ओळीने येतात. दखल न घेणारा कर्ता मात्र परब्रह्मासारखा अदृश्य. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, वर जात वैधता प्रमाणपत्र! एका पानावर एवढी पात्रं रशियन कादंबरीतही नसतात.

भाषेबद्दल काय बोलावं? धडगावकडचा मुलगा घरी पावरी बोलतो, कुणाच्या घरी भिली, कुणाकडे अहिराणी, शहाद्याकडे गुजरी. पुस्तिका मात्र 'उपरोक्त विषयान्वये' बोलते. एका पोराने विचारलं, "उपरोक्त म्हणजे कोणतं, सर?" भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "वरचं." पोरगा सरळ जिना चढून प्राचार्यांकडे गेला.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्याच जिल्ह्यातली मुलगी शिष्यवृत्ती का अडली म्हणून विचारायला येते, तेव्हा उत्तर मिळतं, "आधार खात्याला जोडलेलं नाही." म्हणजे आधार आहे, जोड नाही. जोड मिळवायची तर बँकेत एक दिवस आणि बापाची एक रोजी. दिवाळीनंतर घरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघतात. अडलेलं पोर त्यांच्याबरोबर गेलं, तरी आमच्या रजिस्टरात शेरा असतो, 'सल्ला दिला.' शेरा खोटा नाही, हीच त्यातली खरी गंमत आणि हेच दुःख.

त्या कक्षातले खरे सल्लागार होते शिपाईमामा. चहाच्या टपरीवर ते पोरांना शेजारी बसवत, त्यांच्याच बोलीत एकेक रकाना समजावून सांगत आणि अर्ज भरून देत. मामांना अर्थातच श्रेयांक नाहीत.

आमचं विद्यापीठ जळगावला, १९९० सालचं. २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींचं नाव लावतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या, सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी ते टिपून घेतलं, म्हणून ती कविता आपल्या हाती लागली. त्या आमच्या खिडकीशी आल्या असत्या तर भाऊसाहेबांनी त्यांनाही सांगितलं असतं, "आजी, लेखी अर्ज आणा. सोबत दोन झेरॉक्स."

तेव्हा पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी माझी एकच सूचना. पानं कमी करा आणि त्या पैशात आणखी एक खुर्ची घ्या. मामांना बसायला.