चौतीस पराभवांचे पान

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नवी वही पुजतो आणि जुनी मिटून ठेवतो. जुन्या वहीत वर्षभराचा जमाखर्च असतो. नफा किती, तोटा किती, येणे किती, देणे किती, हे तिच्यावरून पैपर्यंत सांगता येते. पण दुकान का बुडाले हे तिच्यावरून सांगता येईलच असे नाही. मुनीम चोर होता की धन्याचे धंद्यात लक्षच नव्हते, की रस्ता बदलल्यामुळे गिऱ्हाईकच फिरकेनासे झाले, यासाठी वहीत रकाना नसतो.

खेळांचे गुणतक्ते म्हणजे अशाच वह्या होत. मराठी घरांत क्रिकेटच्या सरासऱ्या पाठ म्हणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आकड्यांवरून खेळाडूला डोक्यावर घेण्याची आणि त्याच आकड्यांवरून त्याला मोडीत काढण्याची आपल्याला चांगली सवय आहे. म्हणूनच आकड्यांचे वाचन कसे करावे, हा प्रश्न कवितेचे वाचन कसे करावे या प्रश्नाइतकाच टीकेचा विषय व्हावयास हरकत नाही. त्यासाठी मी एक परके आणि काहीसे उदास पान निवडले आहे. इंग्लंडमधील डॉनकॅस्टर रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या १९९७-९८ या हंगामाचे ते पान आहे.

डॉनकॅस्टर हे यॉर्कशरमधील गाव कोळशाच्या खाणींचे, आगगाड्यांच्या कारखान्याचे आणि घोड्यांच्या शर्यतींचे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगप्रसिद्ध इंजिन १९२३ साली येथेच बांधले गेले आणि १९३८ साली ताशी १२६ मैल धावून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारे ‘मॅलर्ड’ही याच कारखान्यातले. वेगासाठी नावाजलेल्या या गावाचा फुटबॉल संघ त्या वर्षी लीगच्या तळाच्या श्रेणीत होता. तिचे नाव ‘तिसरी श्रेणी’ असले तरी वरची प्रीमियर लीग धरता ती खरोखर चौथी. या नावातही थोडी प्रौढी आहेच!

आता तक्ता पाहू. सामने ४६, विजय ४, बरोबरी ८, पराभव ३४. केलेले गोल ३०, खाल्लेले गोल ११३. गुण २०. एका हंगामात ३४ पराभव इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. मिळू शकणाऱ्या १३८ गुणांपैकी जेमतेम सातवा हिस्सा पदरात पडला. तीन सामने खेळावेत तेव्हा दोन गोल व्हावेत आणि प्रत्येक सामन्यात सरासरीने अडीच गोल अंगावर यावेत, असा हा हिशेब. त्याच श्रेणीत पहिल्या आलेल्या नॉट्स काउंटीने ९९ गुण मिळवले होते.

हे वाचून सामान्य वाचक म्हणतो, “काय भिकार संघ!” आणि पान उलटतो. आकडे खोटे नाहीत, तेव्हा निकालही खोटा नसावा असे त्याला वाटते. टीकाकाराचे काम येथून सुरू होते.

पहिली गोष्ट अशी की, आकडा निसर्गातून उगवत नाही. तो नियमातून उगवतो. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला दोन गुण मिळत, त्यानंतर तीन मिळू लागले. दोन जुने दुर्दैवी संघ घ्या. १९७३-७४ साली रॉचडेलने तिसऱ्या श्रेणीत ४६ सामन्यांत फक्त २ जिंकले, १७ बरोबरीत सोडवले आणि २७ गमावले. १९८७-८८ साली न्यूपोर्ट काउंटीने चौथ्या श्रेणीत ६ जिंकले, ७ बरोबरीत सोडवले आणि ३३ गमावले. श्रेणी निराळ्या असल्या तरी गुणांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. जुन्या नियमाने रॉचडेलचे गुण २१ आणि न्यूपोर्टचे १९. म्हणजे न्यूपोर्ट अधिक वाईट. नव्या नियमाने न्यूपोर्टचे २५ आणि रॉचडेलचे २३. म्हणजे रॉचडेल अधिक वाईट. मैदानावर झालेल्या खेळात तसूभर फरक नाही. फरक पडला तो लेखणीत. बिचाऱ्या डॉनकॅस्टरला मात्र दोन्ही नियम सारखेच निर्दय. जुन्याने १६, नव्याने २०, आणि दोन्हीकडे ते तिघांत शेवटचे.

नियमाने नशीब कसे फिरते याचे याहून कठोर उदाहरण आदल्याच वर्षी, १९९७ साली, याच श्रेणीत घडले होते. लीगमधून बाहेर कोणी जायचे हे ठरण्याच्या वेळी ब्रायटन आणि हेरफर्ड या दोघांचे गुण सारखेच, ४७, झाले. गोलांचे अंतर पाहिले असते तर हेरफर्ड सरस होते. पण त्या काळी लीगचा नियम केलेल्या गोलांच्या संख्येचा होता. ब्रायटनचे ५३, हेरफर्डचे ५०. तीन गोलांनी हेरफर्ड खाली गेले आणि ब्रायटन तगले. हेरफर्डचा तो क्लब पुढे २०१४ साली कायमचा बंद झाला. ब्रायटन २०१७ साली प्रीमियर लीगमध्ये पोचले. एवढ्यावरून नियमानेच सर्व घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मधल्या वर्षांत माणसांनी पुष्कळ केले आणि पुष्कळ बिघडवले. पण रस्ते फुटले तो नाका एका कलमाचा होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट रकान्यांची. गुणतक्त्यात खेळाडूंच्या कर्तृत्वाला रकाने आहेत. मालकाच्या कर्तृत्वाला नाहीत. डॉनकॅस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावरील मुख्य प्रेक्षागृहाला १९९५ साली आग लागली. ती लागली नव्हती, लावली होती. आणि ती लावण्याच्या कटात दोषी ठरला तो कोणी शत्रू नव्हे, तर क्लबला पैसा पुरवणारा, त्याचा सर्वांत मोठा आधार म्हणवणारा गृहस्थच! १९९९ साली न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे ज्या हंगामात पोरे आठवड्यामागून आठवडा हरत होती, त्या हंगामात घराचा कर्ताच घर जाळण्याच्या आरोपाखाली होता. आता ११३ गोल कोणाच्या खात्यावर मांडावयाचे? तक्ता ते सगळे अकरा जणांच्या नावे टाकून मोकळा होतो. मला त्याचा हा अन्याय सर्वांत मोठा वाटतो. हरणाऱ्याची लाज हरणाऱ्यालाच वाहावी लागते, आणि हरावयास लावणाऱ्याचे नाव कोपऱ्यातही लिहिले जात नाही.

तिसरी गोष्ट मोजणाऱ्याच्या मोहाची. इंग्लंडच्या हवाई दलातील चार्ल्स रीप या अधिकाऱ्याने १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर, तेही तिसऱ्या श्रेणीतल्याच एका सामन्यात, वही-पेन्सिल काढून प्रत्येक चाल टिपावयास सुरुवात केली. पुढे कितीतरी वर्षे तो टिपत राहिला. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्याने आपला अभ्यास संख्याशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केला. शंभरांतले सुमारे ऐंशी गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे त्याला आढळले. मग लांब टोला मारा, पास कशाला, असा उपदेश त्यातून निघाला आणि इंग्लंडातील कित्येक शिक्षकांनी तो मानला. पण त्याच्याच वहीत असेही होते की, मुळात सर्व चालींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा कमी पासांच्याच असतात. म्हणजे नव्वद चालींतून ऐंशी गोल आणि उरलेल्या दहांतून वीस! नीट वाचले तर आकडा उलटेच सांगत होता. रीपची मेहनत मोठी होती, सचोटी निर्विवाद होती. पण उत्तर आधी ठरवून त्याने वही उघडली. काव्यात आपल्याच मताचे प्रतिबिंब पाहणारे टीकाकार आपण पाहिले आहेत. आकड्यांतही ते भेटतात.

मग आकडे फेकून द्यावेत का? मुळीच नाही. ‘खेळाचा आत्मा मोजता येत नाही’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांचा पंथ आपल्याकडे मोठा आहे. त्यात मला जावयाचे नाही. आकडा नसता तर डॉनकॅस्टरची ती कथा आज केवळ हळहळीची झाली असती. आठवण सोयीप्रमाणे मऊ होते. ३४ हा आकडा मऊ होत नाही. अन्याय किती मोठा होता हे सांगावयालाही तोच उपयोगी पडतो. आकडा साक्षीदार म्हणून उत्तम आहे, मात्र त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नये. आणि साक्षीदाराला काय विचारावयाचे, हे ज्याचे त्याला कळले पाहिजे.

उदाहरणार्थ, त्या हंगामातला एक आकडा आहे ७३९. मार्च १९९८ मधील बार्नेटविरुद्धच्या सामन्याला बेल व्ह्यूवर इतकेच प्रेक्षक होते. तक्ता वाचणारा म्हणेल, लोकांनी पाठ फिरवली; तेही खरेच. पण आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. संघ तळाला, बाहेर जाणे जवळजवळ ठरलेले, जळिताचे प्रकरण अजून निकालात निघालेले नाही. तरी यॉर्कशरच्या थंडीत ७३९ माणसे पदरचे पैसे मोजून आली. शून्यापासून मोजत वर गेलो तर ही गर्दी लहान नव्हे. हंगामाच्या अखेरच्या दिवशी, कॉलचेस्टरशी सामना होता तेव्हा, त्यांनी क्लबची लटकी प्रेतयात्रा काढली, शवपेटीसुद्धा आणली. ज्याच्यावर जीव नाही त्याची प्रेतयात्रा कोणी काढीत नाही.

वहीचे पुढले पान मी आवर्जून सांगतो, कारण जुन्या पानावर निकाल देणारे पुढले पान सहसा उघडत नाहीत. १९९८ साली लीगबाहेर गेलेला हा क्लब नव्या मालकाच्या हाती आला. २००३ साली जादा वेळातल्या एका गोलावर तो लीगमध्ये परतला. २००४ साली ज्या श्रेणीच्या तळाला तो होता तिचाच विजेता झाला. आणि २००८ साली वेम्ब्लीवर लीड्सला १-० ने हरवून दुसऱ्या श्रेणीत चढला. पाच वर्षांत तीन पायऱ्या. त्यानंतर घसरणही झाली आणि २०२५ साली चौथ्या श्रेणीचे विजेतेपद पुन्हा मिळाले. गाव तेच, रंग तोच. बदलली ती मुख्यतः कारभार पाहणारी माणसे, म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जिला तक्त्यात रकाना नव्हता.

आपल्या घरांतही तक्ते असतात. मुलाची गुणपत्रिका असते, दुकानाचा ताळेबंद असतो, एखाद्याच्या नोकरीच्या गोपनीय अहवालातील शेरे असतात. त्यांवर बोट ठेवून माणसाची किंमत ठरवण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: हे कोणत्या नियमाने मोजले, आणि कोणाचा रकाना आखावयाचा राहून गेला? पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मोजणाऱ्यालाच मान खाली घालावी लागेल.