इतिहास-अध्यापनात मूल्यमापनाचे स्थान : एका चित्र-प्रश्नाची चिकित्सा

इतिहास म्हणजे पाठांतर, ही समजूत विद्यार्थी घरून आणीत नाहीत. ती त्यांना प्रश्नपत्रिका देते. आणि सत्रान्त परीक्षा विद्यार्थ्याचे काय चुकले हे दाखविते, तेव्हा त्याला शिकविण्याचे दिवस संपलेले असतात. शिकविणे चालू असतानाच उत्तरे पाहून पुढचा तास ठरवावा, हा विचार पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांच्या १९९८ मधील लेखनानंतर सर्वत्र पोचला. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि २०१७ मध्ये मागे घेतले. मधल्या काळात त्यातील ‘आकारिक’ भाग बहुधा फाइली व प्रकल्प यांतच अडकला.

इतिहासासाठी या विचाराला निश्चित रूप दिले ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इतिहास-शिक्षण गटाने. सॅम वाइनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली या गटाने २०१२ मध्ये काही मिनिटांत सुटणारे छोटे प्रश्न खुले केले. त्यातला गाजलेला प्रश्न असा : १६२१ मध्ये प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकार व वाम्पानोआग लोक एकत्र जेवले, त्याचे जीन फेरिस यांनी विसाव्या शतकात काढलेले चित्र विद्यार्थ्यापुढे ठेवायचे. खाली चित्रकाराचे नाव व साल दिलेले असते. त्या दोन समाजांचे १६२१ मधील संबंध समजण्यास हे चित्र उपयोगी आहे काय, ते कारणासह लिहायचे.

या प्रश्नाचे बळ त्याच्या साधेपणात आहे. चित्रात सारे प्रेमाने वागताहेत म्हणून चित्र उपयोगी, असे लिहिणारा विद्यार्थी खालचे साल पाहतच नाही. सुमारे तीनशे वर्षांचे अंतर ज्याने पाहिले, त्याला साधन तपासण्याची पहिली पायरी आली. अध्यापकाला पंधरा मिनिटांत वर्गाची अवस्था कळते; पाच पानी निबंध तपासूनही ती इतकी स्वच्छ कळत नाही.

उणीवही तिथेच आहे. ‘उशिराचे साधन कुचकामी’ एवढा एक नियम पाठ करूनही या प्रश्नाचे बरोबर उत्तर देता येते. म्हणजे जुने पाठांतर गेले आणि नवे आले. त्याच नियमाची उलट बाजू ‘जवळचे साधन खरे’ अशी होते, आणि ती अधिक धोक्याची आहे.

दख्खनच्या इतिहासात याला उत्तम उतारा आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र फार्सी हस्तलिखित आहे. आफताबी या कवीचे हे काव्य अहमदनगरच्या दरबारात १५६५ ते १५६९ च्या सुमारास, म्हणजे तालिकोटच्या लढाईनंतर लगेचच, तयार झाले. रामरायाचा शिरच्छेद त्यात चितारलेला आहे. साल जवळचे, पण दरबार जेत्याचा. स्टॅनफर्डचा प्रश्न सोडविलेल्या वर्गापुढे हे चित्र ठेवले, तर पाठ केलेला नियम तिथेच मोडतो.

मग उत्तरे तीन दिशांना जातात, आणि प्रत्येक दिशेचा पुढचा तास वेगळा असतो. ‘त्याच काळचे आहे म्हणून खरे’ असे लिहिणाऱ्यांना हस्तलिखित कोणासाठी घडले हे विचारावे लागते. ‘शत्रूचे आहे म्हणून खोटे’ म्हणणाऱ्यांपुढे फरिश्ता ठेवावा. तो विजापूरच्या दरबारात एका पिढीनंतर लिहीत होता. कोणत्या मुद्द्यावर कोणाचे ऐकायचे, हे मग त्यांना ठरवावे लागते. तिसरा गट लढाई हिंदू-मुसलमानांची होती असे लिहून मोकळा होतो. विजापूर, बेळगावच्या वर्गांत हा गट लहान नसतो, आणि त्याच्या उत्तराला नुसती फुली मारून काही साधत नाही. लढाईपूर्वी काही वर्षे अली आदिलशहा व रामराय एकत्र येऊन अहमदनगरवर चालून गेले होते, ही घटना त्याच्यासमोर ठेवून तेच उत्तर पुन्हा लिहून घ्यावे लागते. विद्यार्थी ज्या गावात राहतो तिथे या उत्तराला परिणाम असतात; म्हणून ते परीक्षेच्या आधी कळायला हवे.

याच हस्तलिखितात आणखी एक धडा आहे. हुसेन निजामशहाची राणी खुंजा हुमायूं हिने पुत्राच्या वतीने राज्य चालविले. पुढे १५६९ मध्ये तिची सत्ता गेली. बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकलेली दिसते. साधन तयार झाल्यावरही त्यात फेरफार होतो, हे ‘साल पाहा’ या एका सूचनेत कधीच येत नाही. स्टॅनफर्डच्या त्रिस्तरीय गुणतक्त्यात अशा निरीक्षणाला जागा कुठे द्यायची, हे अध्यापकालाच ठरवावे लागेल.

राहिला गुणांचा प्रश्न. असा कागद अंतर्गत गुणांना जोडला की विद्यार्थी अध्यापकाला हवे ते उत्तर शोधू लागतो, आणि कागद वर्गाविषयी काही सांगेनासा होतो. साठ-सत्तर जणांच्या वर्गात सगळे कागद तपासणे शक्य नाही, ही तक्रार खरी आहे. पण सगळे तपासायचे कारणही नाही. पंधरा-वीस कागद वाचून त्यांचे कारणांनुसार गठ्ठे केले, तरी दुसऱ्या दिवशीचा तास ठरतो. त्यांवर गुण घालू नयेत.