उरलेल्या अभंगांचें मोल

एखाद्या कवीचें काव्य थोडेंच उरलें, म्हणजे लोक त्याच्या कथा सांगतात आणि कविता विसरतात. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथील गोरोबाकाकांचें असेंच झालें आहे. परंपरेप्रमाणें त्यांची समाधि इ. स. १३१७ मधील. तुकोबांच्या गाथेंत साडेचार हजारांवर अभंग आहेत. सकलसंतगाथेंत गोरोबांच्या वांट्यास विसांच्या आसपास. थापटण्यानें संतांचीं डोकीं पारखून त्यांनीं नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही कथा घरोघर ठाऊक आहे. पण हे अभंग कितीजणांनीं वाचले असतील?

ते वाचतांना आम्हांस प्रथम जाणवतो तो त्यांतील आपलेपणा. निर्गुणाचा अनुभव सांगतांना गोरोबा वारंवार नामदेवांसच हांक मारतात. कथेंतील कठोर परीक्षक येथें स्नेही होतो. अनुभव शब्दांत मावत नाहीं, आणि मित्रास सांगितल्यावांचून राहवतहि नाहीं. या ओढाताणींतच या काव्याचें बळ आहे.

मात्र असा संग्रह डोळे झांकून स्वीकारूं नये. शेवटच्या चरणांतील नाममुद्रा हा कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. ती मागाहून कोणासहि घालतां येते. म्हणून शिलकी रचना छापतांना कोणता अभंग कोणत्या वहींतून घेतला, हें संपादकानें नोंदविलेंच पाहिजे. त्या कसोटीनंतर कदाचित् विसांचे बाराच उरतील. तरी चिंता नाहीं. कवीची योग्यता अभंगांच्या संख्येवरून ठरविणें, म्हणजे आव्यांतील मडकीं मोजून कुंभाराचें कसब ठरविणें होय.