एकमुखी साक्ष आणि समान प्रमाद

गेल्या काही वर्षांत स्मृतिविषयक चर्चेत 'मंडेला परिणाम' ही संज्ञा रूढ झाली आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक व्यक्तींना एखादी गोष्ट चुकीची, परंतु सर्वांना सारखीच चुकीची आठवावी, या घटिताला हे नाव दिले जाते. २००९ च्या सुमारास फियोना ब्रूम या अमेरिकी लेखिकेने ते प्रचारात आणले. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच मरण पावले, अशी त्यांची व इतर अनेकांची समजूत होती. वस्तुतः मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये बंधमुक्त झाले, १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी निधन पावले.

या घटिताचे जे लोकप्रिय स्पष्टीकरण दिले जाते, ते असे की, इतक्या माणसांना एकच गोष्ट आठवते त्या अर्थी ती कधी तरी, निदान दुसऱ्या एखाद्या समांतर विश्वात, तशी असलीच पाहिजे. हा निष्कर्ष हास्यास्पद आहे हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु निष्कर्ष टाकून देताना त्यामागील गृहीतक आपण तपासत नाही, आणि ते गृहीतक तर आपल्याच शास्त्रात राजरोस वावरत असते. स्वतंत्र साक्षीदारांचे एकमत म्हणजे सत्याचा पुरावा, हेच ते गृहीतक होय. बोलीच्या पाहणीत तीन निवेदकांनी एकच रूप सांगितले की आपण ते निःशंकपणे टिपून घेतो. तेव्हा प्रश्न केवळ करमणुकीचा नसून प्रमाणविचाराचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर पाठचिकित्साशास्त्राने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. कार्ल लाखमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे मुख्य सूत्र असे की, दोन हस्तलिखितांत समान प्रमाद आढळला तर त्यांचा पूर्वज समान असावा. परंतु या सूत्राला एक महत्त्वाची मर्यादा आहे. जो प्रमाद दोन लेखनिकांच्या हातून स्वतंत्रपणे घडू शकतो, तो समान असला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालणे हा असाच सर्वसाधारण प्रमाद. म्हणूनच कठीणतर पाठ ग्राह्य धरावा असा संकेत पडला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना वि. सी. सुखटणकर यांनीही हा संकेत मानला होता. समान प्रमादांचे वजन करायचे असते, मोजदाद नव्हे, हा त्यातील बोध आहे.

आता हीच कसोटी प्रसिद्ध उदाहरणांना लावून पाहू. अमेरिकेत १९६२ पासून प्रसिद्ध होत आलेल्या अस्वलांच्या बालपुस्तकांच्या कर्त्यांचे, आणि त्यातील अस्वल-कुटुंबाचेही, आडनाव 'बेरेन्स्टेन' असे असून त्याच्या अंत्य घटकाचे स्पेलिंग 'डाग' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखे आहे. असंख्य वाचकांना मात्र तेथे आइन्स्टाइन, गोल्डस्टाइन या नावांतील अंत्य घटक छापलेला आठवतो. एक घटक आडनावांत सर्वत्र आढळणारा, दुसरा जवळजवळ एकाकी. शिवाय अमेरिकी उच्चारात त्या निराघात अवयवातील स्वर क्षीण होतो, त्यामुळे कानाचे साहाय्य मिळत नाही. डोळ्याने पाहिलेले विसरले की रिकामी जागा सादृश्य भरून काढते. हर्मान पाउल यांनी १८८० मध्ये सादृश्याच्या ज्या व्यापाराचे विवेचन केले, त्याहून हे निराळे नाही.

'लूनी ट्यून्स' या १९३० पासूनच्या व्यंगपट-मालिकेच्या नावातील उत्तरपद संगीताचे आहे. तिच्या जोडीच्या 'मेरी मेलडीज' या मालिकेच्या नावातही तोच संगीतसंबंध दिसतो. परंतु बहुसंख्य अमेरिकी लोकांच्या उच्चारात 'ट्यून' मधील यकार लोपतो व तो शब्द 'कार्टून' च्या अंत्य भागाशी एकरूप होतो. १९९० मध्ये सुरू झालेल्या 'टायनी टून' मालिकेने तर हे दुसरे स्पेलिंगच डोळ्यांसमोर आणले. 'फेब्रीझ' या सुगंधी फवाऱ्याच्या स्पेलिंगात वाऱ्याच्या झुळुकेचा शब्द पूर्ण नसताना तो तेथे पूर्ण छापलेला आठवावा, ही लोकव्युत्पत्तीच होय. 'जिफ' हे भुईमुगाच्या लोण्याचे नाव अनेकांना 'जिफी' असे आठवते. येथे क्षणार्धवाचक इंग्रजी शब्द आणि 'स्किपी' या प्रतिस्पर्धी नावाचा अंत्य स्वर यांचा संकर झालेला संभवतो. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसैन' या घोषाचे गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झाले आणि १८८६ मध्ये यूल व बर्नेल यांच्या कोशाला तेच नाव मिळाले. त्या रूपांतरामागील प्रेरणा आणि ही प्रेरणा एकच आहे.

या सर्व चुका सुलभतेकडे झुकणाऱ्या आहेत. एकाच भाषेची घडण मनात बाळगणाऱ्या हजार व्यक्तींकडून त्या स्वतंत्रपणे होणे साहजिक आहे. म्हणून येथील एकमत वस्तूविषयी काहीच सांगत नाही. ते भाषेविषयी सांगते.

मानसशास्त्रज्ञांचे विवेचन येथवर आपल्याशी जुळते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखविले की, उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा पुन्हा सांगताना इंग्रज वाचक तिला आपल्या परिचित साच्यात बसवीत. सीलची शिकार मासेमारी होई. परंतु 'साचा' हा शब्द उच्चारला की सर्व उलगडा झाला असे मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती मान्य करता येत नाही. दीपश्री प्रसाद व विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० परिचित चित्रे व बोधचिन्हे तपासली. त्यांपैकी ७ बाबतींत लोकांची चूक एकसारखी निघाली. 'फ्रूट ऑफ द लूम' या वस्त्रव्यवसायाच्या बोधचिन्हातील फळांमागे शृंगाकार परडी असल्याचे अनेकांना स्मरते. प्रत्यक्षात ती तेथे नाही. फळांच्या संगतीने नित्य दिसणारी वस्तू म्हणजे ताटली. परंतु ताटलीचा पर्याय समोर असूनही लोकांनी परडीच अधिक निवडली. केवळ परिचयाचा साचा कार्य करीत असता तर याच्या उलट घडावयास हवे होते. सर्व उदाहरणांना लागू पडेल असे एकच कारण सापडत नाही, हा त्या लेखिकांचा निष्कर्ष प्रामाणिक आहे.

आमचा आक्षेप अभ्यासावर नसून संज्ञेवर आहे. 'मंडेला परिणाम' या एका नावाखाली तीन भिन्न घटिते कोंबली गेली आहेत. 'बेरेन्स्टेन' हा सुलभ प्रमाद आहे. त्याला समान उगमाची गरज नाही. परडी हा तुलनेने असुलभ प्रमाद आहे. पाठचिकित्सेच्या नियमाने तेथे समान उगमाचा शोध घेतलाच पाहिजे. अमेरिकेतील कृतज्ञतादिनाच्या चित्रांत फळांची रास अशा परडीतून ओसंडताना दाखवितात. पूर्वज-प्रत तेथे असू शकेल, मात्र हा अद्याप तर्क आहे. मंडेलांच्या मृत्यूची आठवण हा तिसरा प्रकार. स्टीव्ह बिको हे दक्षिण आफ्रिकी नेते १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मरण पावले. दोन वृत्तांतांची सरमिसळ येथे संभवते. ज्या उदाहरणावरून नाव पडले ते उदाहरणच बोधचिन्हांच्या व स्पेलिंगांच्या वर्गात बसत नाही, हे या संज्ञेचे वैगुण्य होय.

वरील विवेचन खरे असेल तर त्यातून एक परीक्षणीय अनुमान निघते. मराठी भाषक इंग्रजी बोलताना 'ट्यून' व 'टून' यांत सामान्यतः भेद राखतात आणि निराघात स्वरही बहुधा स्पेलिंगबरहुकूम उच्चारतात. म्हणजे अमेरिकी वाचकाच्या कानाने जो भेद पुसला, तो येथे पुसला जात नाही. त्या अर्थी ही नावे लहानपणापासून परिचित असलेल्या मराठी वाचकांत या विशिष्ट चुका कमी आढळल्या पाहिजेत. परडीच्या बाबतीत मात्र उच्चाराचा काहीही परिणाम दिसू नये. चुका सारख्याच प्रमाणात आढळल्या तर उच्चारावर दिलेला भर आम्हांस मागे घ्यावा लागेल. हे परीक्षण पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे.

क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी यातून एक नियम घ्यावा. निवेदकांचे एकमत झालेले रूप जर सादृश्याने सहज निर्माण होणारे असेल, तर जुन्या रूपाचा पुरावा म्हणून त्याचे मोल अल्प समजावे. आणि एकट्याच वृद्ध निवेदकाने सांगितलेले विसंगत, आडवळणी रूप अल्पमत म्हणून खोडून टाकू नये. बहुमताने पाठ ठरत नाही, तसा भाषेचा इतिहासही ठरत नाही.