अपयशवाचक इंग्रजी वाक्प्रचार आणि ‘फुसका बार’

‘फ्लॅश इन द पॅन’ आणि ‘डॅम्प स्क्विब’ या दोन्ही इंग्रजी वाक्प्रचारांसाठी मराठीत ‘फुसका बार’ हा एकच प्रतिशब्द सहज योजला जातो. दोहोंच्या मुळाशी दारूच आहे. परंतु अपयशाची जात भिन्न आहे. चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या पात्रातील रंजक पेटे, मात्र आग नळीतील दारूपर्यंत न पोहोचल्यास गोळी सुटत नसे. तेथे क्षणभर का होईना, लखलखाट होता. सादळलेल्या फटाक्यात तोही नाही. म्हणूनच एका उत्तम कृतीनंतर निष्प्रभ ठरलेल्या लेखकास ‘फुसका बार’ म्हणणे अन्यायाचे होय. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हेच अर्थाच्या अधिक जवळ जाते, जरी त्यास दारूचा वास नाही.

‘गो हेवायर’ची अडचण निराळी. ही मुळात गवताच्या गाठी बांधण्याची तार. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील लाकूडतोडीच्या तळांवर मोडकी अवजारे तिनेच आवळून वापरीत, आणि अशा गबाळ्या तळासच तिचे नाव हेटाळणीने चिकटले. येथे डागडुजीचे साधनच बिघाडाचे नाव झाले आहे. ‘बिघडणे’ या क्रियापदात हा उपरोध उतरत नाही. ‘ठिगळ’ या शब्दात तो थोडा सापडतो, पण ठिगळ कधी बेताल होत नाही.