लेन आली, अधिभार नाही आला

शहरं एकमेकांकडून कशी शिकतात यावरच्या संशोधनात बीआरटी हे लाडकं उदाहरण. कुरितिबा १९७४, बोगोटा २०००, पुणे २००६. नकाशावर बाण काढला की काम झालं!

मला तो बाणच खटकतो. बोगोटाच्या ट्रान्समिलेनिओचे रस्ते आणि स्थानकं सरकारी पैशातून झाली, आणि त्यात मोठा वाटा होता पेट्रोलवरच्या स्थानिक अधिभाराचा. थोडक्यात, बसचा रस्ता गाडीवाल्यांच्या पैशातून झाला. पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर लेन आली, अधिभार नाही आला. येणार कुठून? आपल्याकडे पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क केंद्राकडे जातं, विक्रीकर राज्याकडे. मग आधार जेएनएनयूआरएमचा: पुण्याएवढ्या शहरासाठी ५० टक्के केंद्र, २० राज्य, ३० महापालिका. हा पैसा मंजूर प्रकल्पापुरता. अधिभार मात्र दरवर्षी येत राहतो, आणि पुढचा टप्पा कधी बांधायचा हे शहर स्वतः ठरवू शकतं.

तरी अभ्यासक शोधत बसतात, कल्पना कुणी आणली, कुठल्या दौऱ्यात आणली. बिल कुणी भरलं हा प्रश्न तळटीपेत. माझ्या मते प्रकरणाची सुरुवातच तिथून हवी.